यादी करणाऱ्याचं नाव

मी भांडकुदळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर दुसऱ्या कुणी सांगायला नको. कसबा पेठेत एका बोळात माझा छापखाना आहे, वडिलांनी सुरू केलेला. वडील गेले तेव्हा नातेवाईक म्हणाले, बाईमाणसाला छापखाना झेपायचा नाही. पुढे मला ते नातेवाईक झेपले नाहीत, छापखाना झेपला. स्वतः लग्न केलं नाही, पण लोकांच्या लग्नपत्रिका एकतीस वर्षं छापत आले.

तर आज ज्यांच्याबद्दल सांगायचंय, त्या दत्तोबांशी मी कधीच भांडले नाही. जे काही झालं त्यात चूक माझी होती, आणि स्वतःशी भांडण काढलं की ते मिटवायला कुणी मध्ये पडत नाही. गेल्या हिवाळ्यातले ते नऊ दिवस माझ्या जिवाला चैन नव्हती. चहा ठेवायचे आणि उतू जायचा, मशीन चालू करायचे आणि कागद लावायला विसरायचे.

दत्तोबा शितोळे मांजरी गावचे. वय सत्तरच्या पुढे. गावातल्या विकास सोसायटीत शिपाई म्हणून जन्म गेला. एकरभर ऊस होता, तो आता चारही बाजूंनी इमारतींनी घेरलाय. पांढरी टोपी, सदरा-लेंगा, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत दोनशे पानी वही. मांजरीच्या पंचक्रोशीत कुणाचंही लग्न ठरलं की यादी करायला दत्तोबांना बोलावणं जाई. मग ते ती वही घेऊन बस बदलत कसब्यात येत आणि माझ्या टेबलापाशी उभे राहत. खुर्ची दिली तरी बसत नसत. म्हणत, “बसलं की नावं इसरतात, ताई.”

शहरातली पत्रिका चार ओळींची असते. मांजरीकडची पत्रिका म्हणजे अख्खं गाव घडी घालून पाकिटात भरलेलं. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, शिवाय ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी वीस पोरं. दीडशे-दोनशे नावं सहज. नाव कितव्या ओळीत आहे, कुणाच्या शेजारी आहे, टाइप केवढा आहे, यावरून माणसं दहा-दहा वर्षं एकमेकांच्या दारात जात नाहीत. हसू नका. तुमच्या सोसायटीच्या गणपतीत आरतीचं ताट कुणाच्या हातात दिलं यावरून काय होतं, ते मला माहीत आहे.

दत्तोबा प्रुफावर बोट ठेवून एकेक नाव वाचत. “ह्या दोघांच्या मधी एक पाहुणा घाला, ताई. बांधावरनं कोर्टात गेल्यात.” मी घालायचे. “ह्यांचं नाव वर घ्या.” मी विचारलं, हे कोण एवढे मोठे? तर म्हणाले, “मोठं न्हाई वो. पोरगी वारल्यापास्नं गडी घराभाईर पडत न्हाई. नाव वर दिसलं की लाजंकाजं जेवाय तरी येतो.”

असा त्यांचा हिशोब. कोण किती मोठा यापेक्षा कुणाला कशानं ओढून आणता येईल, तो.

त्यांचं स्वतःचं नाव मात्र एकाही पत्रिकेत नसे. एकदा मला राहवलं नाही. मी आपल्या मनानं व्यवस्थापकांच्या रांगेत ‘श्री. दत्तोबा शितोळे’ घालून टाकलं. प्रुफावरून सरकणारं त्यांचं बोट तिथं येऊन थांबलं.

“काढा.”

“अहो, पण एवढं सगळं तुम्हीच करता.”

“म्हनून तर काढा. यादी करनाऱ्याचं नाव यादीत आलं की त्यो एका बाजूचा झाला. मग दुसरी बाजू त्याला च्या पाजत न्हाई.”

काढलं. काय करता?

आणखी एक रिवाज सांगायला हवा, कारण सगळं पुढं त्यावरच अडलं. पत्रिका छापून झाल्या की पहिली कुलदैवतापुढं जाई आणि दुसरी दत्तोबांना. घरातला कर्ता माणूस कुंकू लावून ती त्यांच्या हातात देई. ती हातात पडल्याशिवाय दत्तोबा मांडवात पाय ठेवत नसत, मग सख्ख्या चुलतभावाचं लग्न का असेना. म्हणत, “दुसऱ्याला हातानं आवतन देत फिरायचं आन आपुन बिनाआवतनाचं जायचं, ह्ये शोभतं व्हय?”

आता माझ्या चुकीकडे येते.

डिसेंबरात एक तरुण आला. खांद्याला लॅपटॉपची बॅग, दाढी कोरलेली. विश्वजीत शितोळे, मांजरीचाच, खराडीला आयटीत नोकरी. बरीच वर्षं बाहेर होता, वडील गेल्यावर घरी परतलेला. त्याच्या धाकट्या बहिणीचं, राजनंदिनीचं लग्न ठरलं होतं.

“ताई, आम्हाला मिनिमल कार्ड हवंय. नावं फक्त चोवीस.”

मी म्हटलं, “शितोळ्यांच्या घरात चोवीस नावं? तेवढी तर तुमची कुत्री असतील.”

तो हसला. “म्हणूनच मी ऑब्जेक्टिव्ह मेथड वापरतोय. कुणी मोठं, कुणी छोटं हे मी ठरवणारच नाही. डेटा ठरवेल. तुमच्याकडे जुन्या पत्रिकांच्या कॉपी आहेत ना?”

आहेत. वडिलांपासूनची शिस्त, प्रत्येक छापलेल्या पत्रिकेची एक प्रत कपाटात. माझ्या काळातल्या, एकट्या मांजरीकडच्या सहाशेच्या वर निघाल्या. पोरानं तीन दिवस बसून सगळ्यांचे फोटो काढले. मी चहा दिला, वर पंखाही लावून दिला. चौथ्या दिवशी तो लॅपटॉप उघडून माझ्यासमोर बसला. पडद्यावर ठिपकेच ठिपके आणि त्यांच्यामधून नुसत्या रेघा.

त्यानं समजावलं ते असं. प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस. दोन नावं एका पत्रिकेत आली की दोघांमध्ये एक रेघ. ज्याच्या रेघा जास्त, तो महत्त्वाचा. शिवाय मोठ्या माणसांच्या बरोबर ज्याचं नाव छापलंय, त्याला वरचे गुण. म्हणजे पुढाऱ्याच्या शेजारी उभं राहिलं की आपणही पुढारी. हे कळायला कॉम्प्युटर कशाला हवा, असं मी म्हणणार होते. दत्तोबांना विचारलंस का, हेही म्हणणार होते. अगदी जिभेवर होतं. तेवढ्यात तो म्हणाला, “आणि ताई, गंमत बघा. अख्ख्या नेटवर्कमध्ये पहिल्या नंबरवर कोण आलंय सांगा?”

“कोण?”

“तुम्ही!”

प्रत्येक पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक म्हणून माझं नाव असतं. सहाशे पत्रिका, सहाशे वेळा. त्यामुळे मांजरीतल्या प्रत्येक माणसाशी माझी रेघ. पडद्यावर मधोमध एक टम्म फुगलेला ठिपका होता, तो म्हणजे मी. सत्तावन्न वर्षांत माझा कशातच पहिला नंबर आला नव्हता, साध्या लिंबू-चमच्यातसुद्धा नाही. तो लगेच म्हणाला की हे काही खरं नाही, तो ठिपका काढून टाकावा लागेल. एक बटण दाबून त्यानं मला पुसलंही. पण तोवर माझ्या डोक्यात हवा गेली होती. दत्तोबांचं नाव जे जिभेवर होतं ते मी चहाबरोबर गिळून टाकलं. दिवसभर गल्लीत सांगत फिरले, मी मांजरीत पहिली आले म्हणून. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

चोवीस नावं छापली. पाचशे प्रती दिल्या. एक माझ्या नावानं पाकीट घालून तो मलाही देऊन गेला.

लग्नाला नऊ दिवस उरले असताना दुपारी एक बाई दुकानात आल्या. डोक्यावर पदर, चेहरा ओढलेला. विश्वजीतची आई, विजयमालाबाई. फोनवर बोलणं झालं होतं, पाहत पहिल्यांदाच होते.

“ताई, आमचे दत्तोबा भावजी इकडं आलेले का यादी घेऊन?”

मी म्हटलं, “नाही. यादी विश्वजीतनंच आणली.”

त्या खुर्चीत बसल्या. “मला वाटलं, यादी झाली म्हणजे भावजींनीच केली. म्हणजे कोलवडीला जाऊन आले असतील.”

मग सगळं कळलं. नदीपलीकडे कोलवडीला त्यांचा भाऊ, सोनबा. अकरा वर्षांमागे माहेरची जमीन विकायची निघाली तेव्हा विजयमालाबाईंनी हक्कसोडीवर सही केली नाही. सोनबा म्हणाला, आजपासून मला बहीण नाही. तेव्हापासून त्या भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. दोन्ही घरांत पाय असलेला एकच माणूस होता, दत्तोबा. दिवाळी झाली की ते कोलवडीला जात, सोनबाच्या ओसरीवर चहा पीत आणि जाता जाता सांगत, बहिणीची साखर वाढलीय. परत येऊन इकडं सांगत, भावाचा गुडघा धरलाय. बास, एवढंच. पण अकरा वर्षं ती दोन घरं त्या एवढ्यावर एकमेकांना धरून होती.

“विश्वजीतनं दादाचं नाव घातलंय पत्रिकेत, नववं,” विजयमालाबाई म्हणाल्या. “पण आवतण फोनवर धाडलं. दादाचा तेजस सांगत होता, दादा काय म्हणाला ते. फोटोतल्या आवतणाला मी फोटोतच अक्षता टाकतो, म्हणाला.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “ताई, पोरीचा बाप नाही. निदान तिच्या मागं मामा तरी उभा राहावा. भरल्या मांडवात भटजी म्हणणार, मामांनी मुलीला घेऊन यावं, आणि कुणीच उठणार नाही. राजूचं तोंड कसं बघू मी?”

 आधी वाटलं, मला काही माहीत नाही म्हणावं, पण त्या कपाटाच्या किल्ल्या मीच दिल्या होत्या. नंतर म्हटलं, खोटं कशाला? सगळं सांगितलं. पहिला नंबर वगैरेसुद्धा.  पिशवीतून कुंकू लावलेली एक पत्रिका काढून त्यांनी टेबलावर ठेवली. “ही माझ्या दादाची. भावजींना द्या, आणि मी सांगितलंय म्हणावं. भावजींची स्वतःची पत्रिका विश्वजीतला द्यायला सांगते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखाना बंद ठेवला आणि ॲक्टिव्हा काढली. हडपसरच्या गर्दीत तीन जणांशी भांडले, तरी मन हलकं झालं नाही. दत्तोबांचं घर दोन इमारतींच्या बेचक्यात. ते दारात बसून शेंगा फोडत होते. मला बघून उठले, डोक्याला टोपी घातली.

“ताई, तुमी? आन एवढ्या लांब?”

मी उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. यंत्रानं मोजलं, सहाशे पत्रिकांत तुमचं नाव एकदाही नाही, म्हणून तुम्ही शून्य. मी पहिली. आणि पहिली आले म्हणून गप्प बसले.

दत्तोबा ऐकून मोठ्यानं हसले. “पयल्या आला? आन मोकळ्या हातानं आला व्हय? पेढं कुटं हायत?”

“चेष्टा नको, दत्तोबा. मला रडायला येतंय.”

“मग रडा. पर पोराला बोल लावू नका. त्यानं छापलेलं मोजलं. न छापलेलं त्यानं कुटनं मोजावं?” त्यांच्या बायकोनं, बायडाबाईंनी, पाणी दिलं. मी म्हटलं, मी सगळी पत्रिका पुन्हा छापते, माझ्या खर्चानं, तुमचं नाव सगळ्यात वर घालून. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मग मी विजयमालाबाईंची पत्रिका आणि निरोप दिला. त्यांनी पत्रिका कपाळाला लावली.

“विजूनं सांगितलंय ना? मग झालं. चला, तुमच्या गाडीवर.”

अशी आमची वरात कोलवडीला निघाली. सत्तावन्नची मी पुढे, मागे सत्तरचे दत्तोबा एका हातानं टोपी धरून. पुलावर येईपर्यंत ते तीनदा म्हणाले, हळू चालवा, मला अजून यादीतनं उठायचं न्हाई.

सोनबा गोठ्यात होता. जाड मिशा, गुडघ्याला पट्टा. त्यानं या म्हटलं नाही, पण घोंगडी अंथरली. दत्तोबांनी लग्नाचा विषयच काढला नाही. गाय किती दूध देते, उसाला तोड कधी येणार, गुडघ्याला कुठलं तेल. अर्धा तास! मी आतल्या आत जळत होते. असं वाटत होतं, उठावं आणि त्या सोनबाला गदागदा हलवून विचारावं, बाबा रे, येणार की नाही ते सांग. दत्तोबांनी न बघताच माझ्या हातावर हात ठेवला आणि बोलत राहिले.

शेवटी त्यांनी पत्रिका काढून घोंगडीवर ठेवली.

सोनबा म्हणाला, “ही आली मला. फोनवर.”

“आता हातानं आलीया.”

“कुनी धाडली?”

“विजूनं.”

सोनबानं पत्रिकेला हात लावला नाही. गायीपुढं वैरण सरकवली. मग एकदम म्हणाला, “दत्तोबा, तुला हाय का आवतन?”

 दत्तोबांची स्वतःची पत्रिका अजून यायची होती. ‘नाही’ म्हटलं असतं तर सोनबा म्हणाला असता, ज्या घरानं तुला बोलावलं नाही तिथं माझं काय काम? त्याला रिवाज माहीत होता. साऱ्या पंचक्रोशीलाच माहीत होता.

“हाय की,” दत्तोबा म्हणाले. “न्हाईतर आलो आसतो व्हय?”

“तू हायस तर बघू,” सोनबा म्हणाला आणि पत्रिका उचलली.

परतताना मी विचारलं, “खोटं का बोललात?”

“खोटं कुटं? यील की पत्रिका. अजून आठ दिस हायत.”

घरी येऊन मी विश्वजीतला फोन लावला. तो म्हणाला, “हो ताई, आई बोललीय. दत्तोबा काकांना कालच पाठवलीय.” पाठवलीय म्हणाला, मी विश्वास ठेवला. विजयमालाबाईंनीही ठेवला. तरीही ते आठ दिवस मन थाऱ्यावर नव्हतं. दोनदा दत्तोबांना फोन लावला, दोन्ही वेळा लागला नाही. इमारतींच्या बेचक्यात रेंज नसते म्हणून मनाची समजूत घातली.

लग्न मांजरी रस्त्यावरच्या एका लॉनवर होतं, संध्याकाळी सहा पस्तीसचा मुहूर्त. मी साडेपाचलाच पोचले. विश्वजीत फेटा बांधून, जरीचा कुर्ता घालून दारात स्वागताला उभा होता. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. लोक येऊ लागले आणि मला एक विचित्र गोष्ट ऐकू येऊ लागली.

“विश्वजीत, अभिनंदन. दत्तोबा कुठायत?”

“काय रं, दत्तोबा दिसंना?”

“दत्तोबा आत हायत का? त्यांच्याजवळ निरोप द्यायचाय.”

एक म्हातारी आली, ती दत्तोबा भेटल्याशिवाय जेवणार नाही म्हणाली. एक पांढऱ्या गाडीतले पुढारी आले, पत्रिकेतलं पहिलं नाव. त्यांनीसुद्धा गॉगल काढून तेच विचारलं. मला मोजायची सवय. अर्ध्या तासात सदतीस माणसं. विश्वजीतचा चेहरा उतरत चालला होता.

“ताई, सगळे त्यांनाच का विचारतायत? ते तर एकाही पत्रिकेत नाहीत. झिरो होते ते.”

“त्या सहाशेच्या सहाशे पत्रिका त्यांनीच लिहिल्यात, गाढवा,” मी म्हटलं. “तुझ्या चोवीसांपैकी एकाची तरी कुणी चौकशी केली का इथं? आणि पत्रिका पाठवलीस म्हणालास, ती कुणाच्या हाती?”

त्यानं फोन काढून दाखवला. दत्तोबांच्या नावापुढं पत्रिकेचा फोटो आणि त्याखाली एकच टिक. त्या नंबरावरचं व्हॉट्सॲप कधीच बंद पडलेलं, आता त्यांचा फोन बटणांचा, फोटो त्याला जन्मात मिळणार नव्हता. 

तेवढ्यात सोनबा आला. धुतलेलं धोतर, फेटा, मागे बायको आणि तेजस. दाराशी येऊन थांबला. लांब व्यासपीठावर विजयमालाबाई उभ्या होत्या, त्यांना तो दिसला. त्या दोन पावलं पुढं आल्या आणि खांब धरून उभ्या राहिल्या.

“या मामा,” विश्वजीत म्हणाला.

सोनबानं आत नजर फिरवली. “दत्तोबा कुटाय?”

विश्वजीतनं हातातला फोन खिशात सरकवला. 

“मला म्हनला, आवतन हाय. न्हवतं म्हंजी!” सोनबाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “साऱ्या जन्मात खोटं बोलला न्हाई त्यो, तुमच्या घरापायी बोलला. त्याला घिऊन या. मी हितंच हाय.” आणि तो दाराबाहेर, चपला न काढता उभा राहिला.

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. विश्वजीतची गाडी पाहुण्यांच्या गाड्यांमागे अडकलेली. मी ॲक्टिव्हाची किल्ली काढली. “बस मागं. आणि तो फेटा सांभाळ.”

दत्तोबांच्या घरी पोचलो आणि मला अक्षरशः रडू फुटलं. ते दारात खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी, पायात पॉलिश केलेले बूट.

बायडाबाई म्हणाल्या, “सकाळधरनं असं बसल्यात. जा म्हनलं, तर येतंय म्हनत्यात, आवतन येतंय.”

विश्वजीत त्यांच्या पायाशी वाकला. “काका, चुकलं माझं. मी फोनवर पाठवली होती. चला, मामा दारात थांबलेत.”

दत्तोबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी नुसता हात पुढं केला. “कुटं हाय?”

पत्रिका नव्हती. लग्नाला येताना पत्रिका कोण आणतं? विश्वजीत खिसे चाचपू लागला. मी मात्र आणली होती, मागच्या बाजूला लॉनचा नकाशा होता म्हणून. पर्समधून काढली. पाकिटावर माझं नाव होतं. पेन काढलं, ते खोडलं आणि खाली लिहिलं, श्री. दत्तोबा शितोळे. बायडाबाईंनी देव्हाऱ्यातलं कुंकू आणलं. विश्वजीतनं ते लावलं आणि दोन्ही हातांनी पत्रिका दिली.

मला वाटलं, आता उठतील. छे! त्यांनी ती उघडली आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं.

“अहो दत्तोबा, सहा पंचवीस झालेत!”

“थांबा वो ताई.” बोट खाली सरकत होतं. चोवीस नावं, एकेक. अठराव्यापाशी थांबलं. “पोरा, सतरावं आन अठरावं येका वळीत लावलंस? सतरावा आला का?”

“आलेत.”

“आन अठरावा?”

“नाही आले.”

“कसा यील!” म्हणाले, आणि मग उठले.

एका ॲक्टिव्हावर तिघं. पुण्यात हे काही नवीन नाही. पोचलो तेव्हा मुहूर्त टळून सहा-सात मिनिटं झाली होती, भटजी घड्याळाकडं आणि लोक दाराकडं बघत होते. सोनबानं दत्तोबांना आपादमस्तक पाहिलं.  चपला काढून तेजसच्या हातात दिल्या आणि आत चालू लागला, गुडघा ओढत, सरळ व्यासपीठाकडं. माईकवर भटजी म्हणाले, मामांनी मुलीला घेऊन यावं. विजयमालाबाईंच्या तोंडून “दादा” एवढंच निघालं. 

मंगलाष्टकं संपल्यावर विश्वजीत दत्तोबांना वर न्यायला आला. फेटा आणि नारळ तयार होता, माईकवर नाव पुकारायचं होतं. दत्तोबा शेवटच्या खांबाला टेकून उभे होते.

“मला हितनं समदी दिसत्यात,” ते म्हणाले. “वर गेलो की फकस्त तुमी दिसनार. त्यापरीस असं कर, एक पत्रिका घे, कुंकू घे. अठराव्याचं घर जवळच हाय. पंगती उठायच्या आत घिऊन येऊ.”

आणि त्या फेटेवाल्या पोराला घेऊन ते बाहेर पडलेसुद्धा. माझ्या ॲक्टिव्हाची किल्ली मात्र मागून घेतली.

त्या लग्नाची एक प्रत माझ्या कपाटात आहे, नेहमीप्रमाणं. रोज कपाट उघडलं की हात शिवशिवतो. वाटतं, पेन घ्यावं आणि पंचविसावं नाव लिहून टाकावं, बघायला कोण येतंय? पण पेन तसंच खाली ठेवते. त्यांना कुठून तरी कळेलच, आणि पुढच्या खेपेला माझ्या टेबलापाशी उभे राहून ते म्हणतील, काढा.